आधी वजनकाटा घ्या, ओव्हनचं नंतर बघू

बेकिंग सुरू करायचंय म्हटलं की मैत्रिणी पहिला प्रश्न विचारतात, कुठला ओव्हन घेऊ गं? आणि माझं उत्तर वर्षानुवर्षं तेच आहे, आधी डिजिटल वजनकाटा घे. ग्रॅममध्ये दाखवणारा साधा काटा पुरतो. कारण मैदा कपाने मोजला ना तर तोच कप एकदा १२० ग्रॅम भरतो आणि एकदा १५०, कप डब्यात खुपसून भरलात तर मैदा दाबला जातो आणि चमच्याने हलकेच टाकलात तर मोकळा राहतो, म्हणजे दोन कपांच्या केकमध्ये ६० ग्रॅमपर्यंत फरक पडला. मग केक कोरडा झाला की सगळे ओव्हनला नावं ठेवतात. शिवाय रेसिपीतला कप बहुतेक वेळा २४० मिलीचा असतो आणि घरातला चहाचा कप काहीही असू शकतो. काटा असला की भांडं वर ठेवायचं, शून्य करायचं, एकेक जिन्नस घालत जायचं, धुवायची भांडीही कमी होतात.

आज लिहायचंय ते घरच्या साध्या बेकिंगबद्दल. साधं म्हणजे क्रीमची फुलं नाहीत, मजले नाहीत, फॉन्डंट म्हणजे साखरेचं लाटलेलं आवरण नाही. माझं ठाम मत आहे की घरच्या माणसांसाठी आणि मित्रमंडळींसाठी करायचं असेल तर न सजवलेले चार-पाच पदार्थ पक्के करावेत आणि तेच पुन्हा पुन्हा करावेत. दर वेळी नवीन रेसिपी शोधण्यात मजा आहे हे मान्य, पण हात बसतो तो एकच गोष्ट परत परत केल्यावरच. पाहुण्यांना काय आवडतं ते बघा, त्यांना "तो तुझा लिंबाचा केक कर ना" असं म्हणता यायला हवं असतं. सजावटीत दोन तास गेले की आपण दमतो, आणि माणसं येतात तेव्हा गप्पा मारायला आपण ताजेतवाने असणं हे मला क्रीमच्या गुलाबापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

तर पहिला पक्का करायचा तो सम वजनाचा केक. अंडी, बटर, साखर, मैदा चारही सारख्या वजनाचे, इतकं सोपं. अठराव्या शतकापासून हे प्रमाण चालत आलंय आणि लक्षात ठेवायला कागद लागत नाही. तीन अंडी कवचासकट काट्यावर ठेवा, साधारण १७० ग्रॅम भरतील, मग बटर, साखर, मैदा प्रत्येकी तेवढंच. दीड टीस्पून बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, एका लिंबाची किसलेली साल नाहीतर व्हॅनिला, मिश्रण फार घट्ट वाटलं तर चमचा-दोन चमचे दूध. सात-आठ इंची गोल टीन, १८० डिग्री, साधारण ३५ ते ४० मिनिटं. एवढीच रेसिपी आहे, पण यातली एक पायरी अशी आहे की तिथे घाई केली तर पुढे काही करून भरून निघत नाही, आणि ती म्हणजे बटर-साखर फेटणं.

बटर मऊ हवं पण वितळलेलं नको. बोट दाबल्यावर खळगा पडायला हवा पण बोटाला तेलकट ओल लागता कामा नये, तापमान साधारण १८ ते २० डिग्री. साखर बारीक दाण्याची घ्यायची कारण खरं काम त्या दाण्यांचंच आहे, फेटताना साखरेचे टोकदार कण बटरमधून फिरतात आणि हवेचे बारीक बारीक बुडबुडे आत अडकवत जातात. सुरुवातीला मिश्रण पिवळं आणि ओल्या वाळूसारखं दिसतं, भांड्याच्या तळाशी बसून राहतं. हँड मिक्सरने तीन-चार मिनिटं झाली की रंग फिका पडायला लागतो आणि भांड्याच्या कडेला ते चिकटून वर चढायला लागतं, आणि मग एक क्षण येतो की सगळं जवळजवळ पांढरं, फुगीर, हलकं होतं, चमचा उचलला की मऊ टोकं उभी राहतात. तिथे थांबायचं. बेकिंग पावडर नवीन बुडबुडे जवळजवळ तयार करतच नाही, आपण फेटून आत घातलेले बुडबुडेच ती मोठे करते, म्हणून इथली पाच मिनिटं वाचवली की केक दाट आणि जड होतो, मग पावडर कितीही घाला.

अंडी एकेक करून घालायची आणि तीही फ्रीजमधली गार नकोत. गार अंड्याने बटर पुन्हा घट्ट होतं आणि मिश्रण फाटल्यासारखं दिसतं. तसं झालंच तर एक चमचा मैदा घालून फेटा, सावरतं. मग चाळलेला मैदा, आणि इथून पुढे मिक्सर बाजूला ठेवायचा. स्पॅच्युला घ्या, मधोमध खाली न्या, तळापासून वर आणा, भांडं थोडं फिरवा, पुन्हा तेच. मैद्यात ओल गेली आणि तो घुसळला गेला की ग्लूटेनचे, म्हणजे त्यातल्या प्रथिनांचे चिवट धागे तयार होतात, ब्रेडला ते हवेच असतात पण केकला नकोत, केक चिवट होतो आणि आत लांबट बोगदे पडतात. कोरडा मैदा दिसेनासा झाला की हात थांबवा, एखादी बारीकशी गुठळी राहिली तरी बिघडत नाही.

ओव्हनबद्दल एकच गोष्ट सांगते आणि ती फार उपयोगाची आहे. डायलवर १८० लिहिलंय म्हणजे आत १८० आहे असं नसतं, घरगुती ओव्हनमध्ये वीसेक डिग्री इकडेतिकडे सहज असतात. आत ठेवायचं छोटं थर्मामीटर मिळतं ते घ्या, आपल्या ओव्हनचा स्वभाव एकदा कळला की निम्मे प्रश्न सुटतात. पंख्याचा ओव्हन असेल तर रेसिपीपेक्षा २० डिग्री कमी ठेवायचं. आणि पहिली वीस-पंचवीस मिनिटं दार उघडायचं नाही, कारण तोवर आतला केक फुगलेला असतो पण उभा राहिलेला नसतो, अंड्यातली प्रथिनं आणि मैद्यातला स्टार्च घट्ट व्हायचा असतो, त्यात गार हवा आत शिरली की मध्य बसतो. झाला की नाही हे बघायला टूथपिक आहेच, पण त्याआधी कडा बघा, केक टीनपासून किंचित सुटलेला असतो, आणि मधोमध बोटाने हलकं दाबलं तर परत वर येतो. वास तर सगळ्यात आधी सांगतो. बटर आणि साखरेचा खरपूस वास स्वयंपाकघराबाहेर यायला लागला की पाचेक मिनिटांत बघायला जायचं.

आता बेकिंग पावडर आणि सोडा. यावर इतका गोंधळ असतो की लोक एकाच्या जागी दुसरं घालतात आणि साबणासारखी चव आली की वैतागतात. सोडा म्हणजे नुसता सोडियम बायकार्बोनेट, त्याला आंबट काहीतरी लागतंच, दही, ताक, लिंबाचा रस, व्हिनेगर, नाहीतर साधी कोको पावडर. आंबट नसेल तर तो पूर्ण निष्क्रिय होत नाही आणि मागे ती कडवट-खारट चव उरते. बेकिंग पावडरमध्ये सोडा, कोरडं आम्ल आणि थोडा स्टार्च आधीच एकत्र असतात, म्हणून तिला बाहेरून आंबट लागत नाही. एक कप मैद्याला साधारण एक टीस्पून पावडर, किंवा पाव टीस्पून सोडा आणि सोबत आंबट, हे प्रमाण पाठ करून टाका. डबा जुना असेल तर चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून बघा, फसफसली तर चांगली, नाहीतर टाकून द्या.

आणि या पावडरीची गोष्ट मला फार आवडते. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे केमिस्ट आल्फ्रेड बर्ड, त्यांच्या बायकोला अंडी सोसायची नाहीत आणि यीस्टही चालायचं नाही. कस्टर्ड तर तिला आवडायचं. तर या माणसाने १८३७ मध्ये तिच्यासाठी बिनअंड्याची, कॉर्नफ्लोअरवर घट्ट होणारी कस्टर्ड पावडर केली आणि १८४३ मध्ये यीस्टशिवाय फुगणाऱ्या ब्रेडसाठी बेकिंग पावडर. आज जगभरच्या कपाटांत या दोन्ही वस्तू असतात, आणि त्यांच्या मुळाशी घरातल्या एका माणसाला खाता यावं एवढीच धडपड आहे. मला घरचं बेकिंग म्हणजे नेमकं हेच वाटतं. समोर कोण बसणार आहे, त्याला काय चालतं, काय चावता येतं, काय आवडतं हे आपल्याला माहीत असतं आणि त्याप्रमाणे आपण पदार्थ ठरवतो, दुकानातला केक कितीही सुंदर असला तरी त्याला हे माहीत नसतं.

म्हणून अंडी न खाणाऱ्यांसाठी एक केक पक्का हवाच. माझा चॉकलेटचा आहे, त्यात अंडी नाहीत, बटर नाही, दूधही नाही, त्यामुळे दूध न चालणाऱ्यांनाही चालतो. १९० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम साखर, २५ ग्रॅम साधी कोको पावडर, एक टीस्पून सोडा, अर्धा टीस्पून मीठ चाळून एकत्र करायचं, दुसऱ्या भांड्यात एक कप पाणी, ७५ मिली वास नसलेलं तेल, एक टेबलस्पून व्हिनेगर आणि व्हॅनिला, दोन्ही एकत्र करून नुसतं ढवळायचं आणि लगेच आठ इंची चौकोनी टीनमध्ये ओतून १८० वर तीसेक मिनिटं. लगेच हे महत्त्वाचं, कारण व्हिनेगर आणि सोडा भेटल्याबरोबर गॅस सुटायला लागतो, मिश्रण ओट्यावर ठेवून फोन घ्यायला गेलात तर अर्धा गॅस तिथेच उडून जातो. तेलाचा केक असल्यामुळे दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो, बटर गार झालं की घट्ट होतं, तेल होत नाही. आणि व्हिनेगरचा वास येईल की काय अशी भीती वाटत असेल तर अजिबात येत नाही, सगळं सोड्यात जिरतं.

कोको घेताना मात्र डब्यावर वाचा. डच पद्धतीची कोको अल्कलीने सौम्य केलेली असते, रंग गडद आणि चव गोलसर, पण आंबटपणा गेलेला, त्यामुळे नुसत्या सोड्याच्या रेसिपीत ती घातली तर फुगण्यावर परिणाम होऊ शकतो. वरच्या केकमध्ये व्हिनेगर आहे म्हणून निभावतं, सगळीकडे निभावेलच असं नाही.

मुलं घरात असतील तर शॉर्टब्रेड, म्हणजे बटरची खुसखुशीत बिस्किटं करा. ३:२:१, तीन भाग मैदा, दोन भाग बटर, एक भाग साखर, वजनाने. ३०० ग्रॅम, २०० ग्रॅम, १०० ग्रॅम. माझ्या भाचीला हे प्रमाण पाढ्यासारखं पाठ झालंय आणि ती स्वतः काटा शून्य करते, मावशी तू हात लावू नकोस म्हणते. बोटांनी चोळून मिश्रण रवाळ करायचं, दाबून गोळा करायचा, टीनमध्ये सारखं थापायचं, खायच्या काट्याने (फोर्कने) टोचे मारायचे, १६० वर अर्धा तास ते चाळीस मिनिटं, कडा जेमतेम सोनेरी होईपर्यंत. गरम असतानाच सुरीने वड्या पाडायच्या, गार झाल्यावर कापायला गेलात तर तुकडे तुकडे होतात. बटर मैद्याच्या कणांना वेढून ठेवतं म्हणून धागे तयार होत नाहीत आणि म्हणूनच तो खुसखुशीत होतो. यात पाणी नाही, अंडं नाही, बिघडण्यासारखं फार काही नाहीच. फक्त बटर चांगलं घ्या, कारण चव सगळी त्याचीच आहे. मुलांना कच्चं मिश्रण चाटू देऊ नका मात्र, अंडं नसलं तरी कच्च्या मैद्यातही जंतू असू शकतात.

वयस्कर माणसांसाठी बेक्ड कस्टर्ड. माझ्या सासऱ्यांना दातांमुळे केकच्या कडा त्रास देतात, कुकीज तर बादच, पण कॅरॅमल कस्टर्ड ते हळूहळू चमच्याने मनापासून खातात आणि वाटी पुसून ठेवतात. अर्धा लिटर दूध, तीन अंडी, ७५ ग्रॅम साखर, व्हॅनिला. आधी वेगळी १०० ग्रॅम साखर जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर ठेवायची, ढवळायचं नाही, फक्त भांडं फिरवायचं. कडेने साखर वितळायला लागते, मग पेंढ्याचा रंग येतो, मग मधाचा, मग तांबूस, आणि तांबूस झाल्यावर पुढची पायरी फार भराभर येते, धुराची एक बारीक रेघ निघायच्या आत गॅस बंद करून वाट्यांमध्ये ओतायचं. मधाच्या रंगावर थांबलात तर नुसतं गोड लागतं, थोडं पुढे नेलंत तर तो हलका कडवटपणा येतो ज्यामुळे कस्टर्ड खायला मजा येते. मी तांबूसपर्यंत नेतेच. मुलं आसपास नकोत या वेळी, वितळलेली साखर १६०-१७० डिग्रीच्या पुढे असते आणि कातडीला चिकटते.

दूध कोमट करून अंड्यांत हळूहळू ओतायचं, फेस येऊ द्यायचा नाही, गाळून वाट्यांत घालायचं आणि त्या वाट्या गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून १६० वर चाळीसेक मिनिटं. पाण्याचा ट्रे टाळू नका. पाणी १०० डिग्रीच्या वर जात नाही म्हणून कस्टर्डला कडेने चटका बसत नाही, नाहीतर अंडं फाटतं, भोकं पडतात आणि पाणी सुटतं. वाटी हलवल्यावर कडा घट्ट आणि मधला रुपयाएवढा भाग थरथरायला हवा, तेव्हाच बाहेर काढायचं, उरलेलं आतल्या उष्णतेवर होतं. मग रात्रभर फ्रीजमध्ये. त्या वेळात कॅरॅमल विरघळून पातळ होतं आणि वाटी उलटी केली की सगळीकडून ओघळतं.

अचानक माणसं येणार असतील तर क्रंबल. मैदा, बटर, साखर २:१:१, बोटांनी चुरा करून फ्रीझरमध्ये पिशवीत भरून ठेवायचा, महिनाभर सहज राहतो. सफरचंद, पेअर, आलुबुखार, जे असेल ते कापून थोडी साखर आणि लिंबाचा रस घालून भांड्यात पसरायचं, वर गोठलेला चुरा तसाच टाकायचा, १८० वर पाऊण तास. कडेने रस बुडबुडायला लागला की झालं. चुऱ्यात मूठभर ओट्स घातले तर अजून कुरकुरीत. याला ना फेटणं ना फुगणं, आणि गरम गरम वाढलं की लोक दुसऱ्यांदा मागतातच.

साखर कमी करू का, हे सगळे विचारतात. पाचवा हिस्सा कमी केली तर बहुतेक केक निभावून नेतात. त्याहून जास्त कमी करायला गेलात तर लक्षात घ्या की साखर नुसती गोडीसाठी नाहीये, ती ओल धरून ठेवते, रंग आणते, केक मऊ ठेवते, ती काढली की केक फिका आणि कोरडा होतो. मी त्यापेक्षा तुकडा लहान कापते. ज्यांना साखर वर्ज्यच आहे त्यांच्यासाठी वेगळं काहीतरी करावं, फळं भाजून द्यावीत, केकचं अर्धवट रूप देऊ नये असं माझं मत आहे. आणि मीठ विसरू नका, गोड पदार्थात चिमूटभर मीठ नसेल तर सगळं एकसुरी लागतं.

टीन वेगळं असेल तर घाबरायचं कारण नाही, क्षेत्रफळ बघायचं. नऊ इंची गोल आणि आठ इंची चौकोनी जवळजवळ सारखंच, आणि सहा इंची गोल हे आठ इंची गोलाच्या निम्म्याहून थोडंसंच मोठं. म्हणजे आठ इंची गोलाची रेसिपी निम्मी केली की सहा इंची गोलात बसते. दोनच माणसं असतील तेव्हा मी असंच करते.

कोणाकडे घेऊन जायचं असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी करा, टीनमध्ये दहा मिनिटं आणि मग जाळीवर पूर्ण गार. गरम केक डब्यात बंद केला की वाफ सुटते आणि वरचा भाग चिकट होतो. आणि साधा केक फ्रीजमध्ये ठेवू नका. फ्रीजच्या तापमानाला स्टार्च लवकर घट्ट होतो आणि केक बाहेर ठेवला असता त्याहून लवकर शिळा लागतो. दोन-तीन दिवस घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेर, त्याहून जास्त ठेवायचा तर काप करून, गुंडाळून थेट फ्रीझरमध्ये. कस्टर्ड किंवा क्रीम असलेलं काही असेल तर मात्र फ्रीजच. न्यायच्या आधी एक फोन करून विचारून घ्या की घरात कोणाला दाण्याची, सुक्यामेव्याची, अंड्याची किंवा दुधाची ॲलर्जी आहे का, आणि डब्यावर आत काय काय घातलंय ते चिठ्ठीवर लिहून चिकटवा, म्हणजे आपण निघून आल्यावर दुसऱ्या दिवशी कोणी खाल्लं तरी त्यांना कळतं.